मंडईतला विमानाचा खेळ आणि आमचा नंबर



दिवाळी झाली, भाऊबीज झाली, बांध्यांतलं धान पिवळं पडलं, की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावाला मंडई, उद्या त्या गावाला. घर पाहुण्यांनी भरतं, दुपारी दंडार, रात्री नाटक, आणि चुलीवरची कढई काही उतरत नाही. या मंडईबद्दल आपण रेडिओवर पुष्कळदा बोललो. नाटकांबद्दल बोललो, दंडारीबद्दल बोललो, मंडईत दुकान लावणाऱ्या गटांचा हिशेबही सांगितला. आज मात्र मंडईतल्या अशा एका गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत, जिला इतिहास असेल असं कुणाला वाटत नाही. तो म्हणजे विमानाचा व्हिडिओ गेम.

हसू नका. आम्हीही आधी हसलोच होतो.

आम्ही म्हणजे नवेगाव बांध आणि आसपासच्या गावांतल्या सहा जणी. यंदाच्या भाऊबीजेला आमच्यापैकी एकीकडे तिचे तीन भाऊ आले. जेवणं झाली, सुपारी झाली, आणि भावांच्या गप्पा निघाल्या. कशाच्या? तर लहानपणी मंडईत खेळलेल्या त्या गेमच्या. एक म्हणाला, "मी तीन लाइफमध्ये अर्धा तास खेळायचो." दुसरा म्हणाला, "खोटं बोलू नको, तू तर पहिल्याच झटक्यात आउट व्हायचास." पन्नाशीला आलेली ही माणसं हातवारे करून सांगत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. आमची मैत्रीण भांडी गोळा करत ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं हे आम्हाला सांगितलं आणि विचारलं, "बायांनो, तुम्हाला आठवते का तो खेळ?"

सगळ्यांना आठवत होता. आवाज आठवत होता, रंग आठवत होते, किडे कसे वळण घेऊन खाली यायचे तेही आठवत होतं. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. "तुमच्यापैकी खेळलं कोण?" कुणीच नाही. सहाच्या सहा जणींनी तो खेळ पाहिला होता तो भावाच्या खांद्यावरून. त्या दिवशी ठरवलं की या खेळाची गोष्ट शोधायची. तो आला कुठून, केला कुणी, आपल्या गावापर्यंत पोचला कसा, आणि आपला नंबर का लागला नाही.

आधी आम्हाला जे आठवतं ते सांगतो. साल १९९३-९४ च्या आसपासचं. नाटकाच्या मंडपापासून जरा दूर, जनरेटरजवळ, ताडपत्रीचा एक तंबू असायचा. आत कपाटासारखे दोन-तीन लाकडी डबे. डब्यात वर टीव्ही, खाली फळीवर एक दांडी आणि दोन बटणं. एक रुपया द्यायचा, मालक कळ दाबायचा, की काळ्या पडद्यावर चांदण्या चमकायला लागायच्या. खाली एक छोटं पांढरं विमान. वर रांगेनं बसलेले रंगीबेरंगी किडे, कुणी माशीसारखे, कुणी पाखरासारखे. दांडीनं विमान डावीकडे-उजवीकडे न्यायचं आणि बटणानं गोळी मारायची. किडे एकेक करून रांग सोडायचे आणि गिरकी घेत अंगावर यायचे. तीनदा मरायला मिळायचं. त्याला पोरं 'लाइफ' म्हणायची. तिन्ही लाइफ संपल्या की खेळ संपला, मागचा पोरगा पुढे.

आमच्यातल्या एकीची आजी एकदा तंबूत डोकावली होती. तिनं टीव्हीवर फक्त रामायण पाहिलेलं. पडद्यावर इकडून गोळ्या, तिकडून गोळ्या पाहून तिनं विचारलं, "यात राम कोणता?" नातवानं विमानाकडे बोट दाखवलं. आजी म्हणाली, "मग याचा लक्ष्मण कुठे आहे?" ही आजी किती बरोबर बोलली होती ते पुढे सांगतो.

आता या खेळाची जन्मकथा. ती जपानमधली आहे. तिथे ताइतो नावाच्या कंपनीत तोमोहिरो निशिकादो नावाचे अभियंता होते. १९७८ साली त्यांनी 'स्पेस इनव्हेडर्स' नावाचा खेळ तयार केला. नावाचा अर्थ, अवकाशातून चाल करून आलेले. चित्रं त्यांनीच काढली, संगणकाला द्यायच्या सूचना त्यांनीच लिहिल्या, लागणारी यंत्रसामग्रीही बरीचशी स्वतःच जोडली. पडद्यावर शत्रूच्या पाच रांगा, एकेका रांगेत अकरा, असे एकूण ५५ शत्रू. ते सगळे मिळून एका बाजूला सरकत जायचे, काठाला लागले की एक पायरी खाली उतरायचे आणि उलटे फिरायचे. रोवणीच्या वेळी आपली ओळ बांधीत एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत सरकते ना, तशी ती रांग सरकायची.

यात दोन गोष्टी आम्हाला फार आवडल्या. पहिली गोष्ट अशी की शत्रू म्हणून आधी माणसं घ्यायचाही विचार झाला होता. पण माणसं मारायचा खेळ बरा नाही, असं कंपनीत ठरलं. तेव्हा निशिकादोंनी परग्रहावरचे प्राणी घेतले. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाच्या जुन्या कादंबरीत मंगळावरून आलेले अष्टपादासारखे प्राणी होते, त्यावरून त्यांना सुचलं. मग त्यांनी अष्टपाद, खेकडा, माकूळ अशा समुद्रातल्या जिवांसारखे आकार काढले. म्हणजे आकाशातले शत्रू खरे तर पाण्यातले होते.

दुसरी गोष्ट वेगाची. खेळ सुरू होताना शत्रू हळूहळू सरकतात. जसजसे ते मरतात तसतसे उरलेले जोरात पळू लागतात, आणि शेवटचा एकटा तर वाऱ्यासारखा. हे आधी कुणी ठरवलं नव्हतं. त्या काळची यंत्रं मंद होती. पडद्यावर ५५ चित्रं हलवायला यंत्राला वेळ लागायचा. चित्रं कमी झाली की यंत्राचा भार कमी व्हायचा आणि खेळ आपोआप वेगात यायचा. निशिकादोंच्या हे लक्षात आलं. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही, तसंच ठेवलं. त्यामुळेच खेळणाऱ्याची छाती धडधडायला लागली. यंत्राच्या कमजोरीतून खेळाची मजा निघाली.

आणखी एक. पहिल्या यंत्रांचा पडदा काळा-पांढरा होता. रंग दिसावेत म्हणून पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. हे वाचलं तेव्हा आम्हा सगळ्यांना एकच आठवलं. आपल्याकडेही काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर तो रंगीत प्लॅस्टिकचा पडदा लावायचे ना? वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ निळं आणि साडी हिरवी. जपानची युक्ती आणि आपली युक्ती एकच निघाली.

हा खेळ जपानमध्ये इतका चालला की १०० येनच्या नाण्यांचा देशात तुटवडा पडला, अशी गोष्ट अजून सांगतात. ती पुढे दंतकथाच ठरली. पण अशी गोष्ट लोकांना खरी वाटावी एवढी त्या खेळाची धूम होती, हे मात्र खरं.

त्यानंतर जपानमधल्याच नामको कंपनीनं १९७९ साली 'गॅलेक्सियन' आणला. यात रंग होते, आणि शत्रू एकेकटे रांग सोडून अंगावर झेप घ्यायचे. १९८१ साली त्याच कंपनीनं 'गॅलागा' आणला. हाच आमच्या मंडईतला खेळ. आम्ही नाव कधी वाचलं नव्हतं, आम्हाला तो 'विमानवाला गेम' एवढाच ठाऊक. आता चित्र पाहून ओळख पटली.

गॅलागातली एक खुबी ऐका. वरच्या रांगेतला मोठा किडा खाली येतो आणि निळसर प्रकाशाचा झोत सोडतो. त्या झोतात सापडलं की आपलं विमान ओढलं जातं, आणि तो त्याला आपल्या रांगेत नेऊन बांधून ठेवतो. तेच शेवटचं विमान असलं तर खेळ तिथेच संपतो. पण दुसरं विमान शिल्लक असलं, तर त्या किड्याला खाली झेपावताना नेमकं टिपायचं. नेम बरोबर लागला की बांधलेलं विमान सुटून येतं आणि आपल्या विमानाला जोडून उभं राहतं. मग दोन विमानं, दोन गोळ्या, एकदम. नेम चुकून आपल्याच कैदी विमानाला गोळी लागली, तर ते गेलं. पोरं त्या जोडीसाठी मुद्दाम विमान पकडू द्यायची. आजीनं विचारलेला लक्ष्मण तो हाच.

आता हा खेळ आपल्याकडे आला कसा? परदेशात ती मोठी महागडी यंत्रं होती. आपल्याकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशा यंत्रांची पार्लरं निघाली. आपल्या मंडईपर्यंत आला तो मात्र दुसऱ्या वाटेनं. १९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं घरच्या टीव्हीला जोडायचं छोटं यंत्र काढलं, फॅमिकॉम नावाचं. जुने गाजलेले खेळ त्यात कॅसेट घालून खेळता यायचे. त्या यंत्राच्या स्वस्त नकला पुढे जगभर विकल्या गेल्या आणि १९९० नंतर आपल्या बाजारातही आल्या. आपण त्यांना 'टीव्ही गेम' म्हणायचो. मारिओ आला तो त्यातून, कॉन्ट्रा आला तो त्यातून, आणि विमानवाला गेमही त्यातूनच. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९ इन १'. प्रत्यक्षात थोडेच खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. आमच्या मंडईतल्या लाकडी डब्यातही बहुधा असाच एक टीव्ही आणि असाच एक टीव्ही गेम होता. सुतारानं वरून डबा ठोकला, मालकानं जनरेटरची तार जोडली, आणि जपानचा खेळ धानाच्या मुलखात आला.

त्या काळी या खेळांना लोक चांगलं म्हणत नसत, हेही सांगायला हवं. शाळा बुडवून पोरं पार्लरात बसतात, घरातले पैसे चोरतात, अशा तक्रारी होत्या. काही ठिकाणी व्हिडिओ गेमच्या नावाखाली सरळ पैसे लावून जुगार चालायचा. कर्नाटकातलं असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९५ साली न्यायालयानं निकाल दिला की व्हिडिओ गेमच्या पार्लरांना परवाना लागतो, आणि त्यांच्यावर नियम घालण्याचा अधिकार सरकारला आहे. आमच्या गावातही पोरं काही कमी नव्हती. खळ्यावरचं पायलीभर धान शर्टात बांधून दुकानात द्यायचं आणि रुपया घेऊन तंबूकडे पळायचं, हे आमच्या भावांनी केलेलं आहे. आता तेच भाऊ आपल्या पोरांच्या हातातला मोबाइल हिसकावून घेतात, ते वेगळं.

तर मग आमचा नंबर का नाही लागला?

आधी आम्ही म्हटलं, पैसे नव्हते. मग एकीनं विचारलं, "नव्हते का खरंच?" मंडई येते भाऊबीजेनंतर. भाऊबीजेला ओवाळणी कुणाला मिळते? आम्हाला. म्हणजे वर्षातले जे थोडे दिवस आमच्या हातात स्वतःचा पैसा असायचा, नेमके तेच मंडईचे दिवस. दोन रुपये, पाच रुपये, कधी दहाची नोट. ते पैसे गेले कुठे? माय म्हणायची, "दे इकडे, डब्यात ठेवते, तुझ्याच कामी येईल." कुणाच्या पैशाची वही-पेन्सिल आली, कुणाच्या पैशाचं घरात तेल आलं. आईचं काही चुकलं असं आम्ही म्हणत नाही. घर कसं चालायचं ते आम्हीही पाहिलंय. पण भावाला मिळालेला रुपया त्याचा होता आणि बहिणीला मिळालेला रुपया घराचा होता, एवढा फरक होता खरा.

दुसरं कारण जागेचं. तंबूत पोरांची गर्दी, अंधार, रेटारेटी. मुलीनं तिथे उभं राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील. आमच्यातली एक जण बारा वर्षांची असताना ओवाळणीतला एक रुपया मुठीत घेऊन तंबूत गेली होती. अर्धा तास रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा मालक हसला, म्हणाला, "तुला जमणार नाही बाई, भावाला बोलव," आणि मागच्या पोराला पुढे घेतलं. रुपया तिच्या मुठीतच राहिला. ती म्हणते, मुठीला घाम आला होता तो अजून आठवतो.

तिसरं कारण वेळेचं. मंडईच्या दिवशी पोरांना सुट्टी, पोरींना पाहुणे. पाणी भरा, भांडी घासा, लहान्याला कडेवर घ्या. लहान भावाला सोबत करायला म्हणून तंबूपर्यंत जायला मिळायचं. म्हणून तर आम्हाला तो खेळ एवढा पाठ आहे. भाऊ खेळायचा आणि आम्ही मागून सांगायचो, "अरे उजवीकडे, उजवीकडे!"

मालक म्हणाला तसं खरंच बायांना जमत नव्हतं का? याचा शोध घेताना जे सापडलं त्यानं आम्ही थक्क झालो. कारण या जातीचे दोन गाजलेले खेळ तयार करण्यातच बाया होत्या.

पहिलीचं नाव डोना बेली, अमेरिकेची. आधी ती मोटारींच्या कंपनीत गाडीतल्या छोट्या संगणकासाठी काम करायची. एकदा तिनं स्पेस इनव्हेडर्सच्या नावाचं एक गाणं ऐकलं आणि हे काय आहे असं विचारलं. कुणीतरी तिला तो खेळ दाखवला. ती पाहतच राहिली. नोकरी सोडून ती अटारी नावाच्या खेळांच्या कंपनीत गेली. नाणं टाकून खेळायची यंत्रं जिथे तयार व्हायची, त्या विभागात खेळ लिहिणारी ती एकटी बाई. कंपनीजवळ नव्या खेळांच्या कल्पनांची एक वही होती. त्यातल्या बऱ्याच कल्पना मारामारीच्या. तिनं निवडलं ते एक वाक्य, एक लांब किडा तुकड्या-तुकड्यांनी पडद्यावर सरकतो, अशा अर्थाचं. त्यातून १९८१ साली एड लॉग या सहकाऱ्याबरोबर तिनं 'सेंटिपीड' तयार केला. सेंटिपीड म्हणजे आपली गोम. पडद्यावर अळिंबीसारख्या छत्र्या उगवलेल्या, त्यांच्यातून वाट काढत गोम खाली येते, मध्येच कोळी येतो. गोळी लागली की गोमीचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही तुकडे चालायला लागतात. रंग तिनं मुद्दाम वेगळे निवडले, फिकट आणि झळाळते. हा खेळ अमेरिकेत बायांनाही फार आवडला. आम्हाला तर तो पाहून आपलं परसच आठवलं, पावसाळ्यातलं.

दुसरी कॅरोल शॉ. तीही अमेरिकेचीच, संगणक शिकलेली. ती अटारीत लागली तेव्हा कंपनीच्या एका मोठ्या साहेबानं शेरा मारला की आता बाई आली, म्हणजे घरसजावटीचे आणि रंग जुळवायचे खेळ करता येतील. हे तिनंच पुढे सांगितलं आहे. तिनं असले खेळ केले नाहीत. पुढे दुसऱ्या कंपनीत जाऊन १९८२ साली तिनं 'रिव्हर रेड' हा खेळ केला. नदीवरून विमान न्यायचं, पूल उडवायचे, आणि वाटेत इंधन भरत राहायचं, नाहीतर विमान पडतं. हा खेळ जगभर गाजला.

याच काळात जपानमध्ये तोरू इवातानी यांनी पाहिलं की खेळांच्या दुकानांत सगळे पुरुषच असतात, कारण सगळे खेळ मारामारीचे. बायांनीही यावं म्हणून त्यांनी खाण्यावर खेळ केला. १९८० सालचा 'पॅकमॅन' तो. गोल तोंडाचा तो पिवळा प्राणी ठिपके खात सुटतो. खाण्याचा विषय काढला की बाया येतील, हा त्यांचा हिशेब ऐकून आम्ही जरा हसलो. पण निदान एका माणसानं विचारलं तरी, की या दुकानांत बाया का नाहीत?

कॅरोल शॉ ज्या दुसऱ्या कंपनीत गेली, त्या कंपनीचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अटारी तेव्हा खेळ करणाऱ्यांची नावं छापत नसे. खेळ आमचा, कमाई कंपनीची, आणि नाव कुणाचंच नाही, याला कंटाळून चार जण बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. तिथे खेळ करणाऱ्याचं नाव छापलं जायचं. म्हणून आज आपल्याला कॅरोल शॉ हे नाव सहज सापडतं.

नावाचं हे असं असतं. आपल्या नवेगावचा तलाव कुणी बांधला? लहान पोरगंही सांगेल, कोलू पाटील कोहळी यांनी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, डोंगरांमधली जागा हेरून त्यांनी बांध घातला, आणि अजून त्या पाण्यावर धान पिकतं. त्यांचं नाव राहिलं हे चांगलंच झालं. पण त्या बांधावर टोपलीनं माती टाकणारे हात किती असतील? त्यातलं एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. ज्याचं नाव लिहिलं जात नाही, त्याचं काम होतं हेही लोक हळूहळू विसरतात. आम्हीही विसरलो होतो. 'विमानाचा खेळ म्हणजे पोरांचा खेळ' असं आम्ही स्वतःच तीस वर्षं म्हणत आलो.

आता शेवटची गोष्ट, यंदाची. आमच्या मैत्रिणीच्या धाकट्या भावानं येताना टीव्हीला जोडायचा एक छोटा गेम आणला होता, जुन्या खेळांनी भरलेला. मंडईच्या रात्री पुरुषमंडळी नाटकाला गेली. आम्ही सहा जणी घरातच होतो, सकाळच्या पाहुण्यांसाठी तांदूळ निवडत. एकीनं गुपचूप टीव्ही लावला. तोच आवाज, त्याच चांदण्या. थोडा वेळ कुणी दांडीला हात लावेना. मग जिचा रुपया मुठीत राहिला होता, तिला आम्ही पुढे ढकललं.

ती पाव मिनिटात आउट झाली. आम्ही पोट धरून हसलो. मग दुसरी, मग तिसरी. कुणाला दोन्ही हात एकदम चालवता येईनात, तर कुणी विमानाबरोबर स्वतःच डावीकडे-उजवीकडे झुकायची. सगळ्यांत छान खेळली ती आमच्यातली सर्वांत मोठी, साठी ओलांडलेली. चाळीस वर्षं रोवणी केलेली तिची बोटं. नवव्या-दहाव्या डावाला मोठ्या किड्यानं तिचं विमान ओढून नेलं. ती बोलली नाही. दुसरं विमान घेऊन वाट पाहत राहिली. किडा खाली आला, तिनं एकच गोळी मारली, आणि कैदी विमान सुटून तिच्या विमानाशेजारी येऊन उभं राहिलं. घरात असा ओरडा झाला की शेजारीण धावत आली, काय झालं म्हणून. त्या रात्री चुलीवरचा भात करपला. कुणी कुणाला बोललं नाही.

पण आमचं लक्ष दाराकडे गेलं तेव्हा हसू थांबलं. तिथे मैत्रिणीची सातवीतली पुतणी उभी होती. हातात धुतलेल्या पेल्यांची टोपली. किती वेळ उभी होती कोण जाणे. आम्ही म्हटलं, "ये, खेळ." ती म्हणाली, "पेले ठेवायचे आहेत." तिचा भाऊ संध्याकाळभर तोच गेम खेळून नाटकाला गेला होता. आणि ती मागे उभी राहून पाहत होती, जशा आम्ही पाहायचो. तीस वर्षांत तंबू गेला, जनरेटर गेला, मोबाइल आले. उभं राहायची जागा मात्र तीच राहिली. आणि या वेळी तिला तिथे उभं करणारे आम्हीच होतो.

टोपली आमच्यातल्या एकीनं घेतली. पोरगी खेळायला बसली.

म्हणून मैत्रिणींनो, आमच्या गटानं बैठकीत दोन गोष्टी ठरवल्या, त्या तुमच्यासमोर ठेवतो. एक, भाऊबीजेची ओवाळणी ज्या मुलीची तिचीच. तिनं ती साठवावी, बांगड्या घ्याव्यात, नाहीतर पाळण्यात बसून उडवावी, आपण विचारायचं नाही. दोन, मंडईच्या दिवसांत घरातल्या प्रत्येक मुलीला एक पूर्ण संध्याकाळ मोकळी. त्या संध्याकाळी तिच्या हातात ना टोपली, ना कडेवर लेकरू. पाहुण्यांचं काम मुलगे आणि आपण वाटून घ्यायचं.

एक सावधगिरीही सांगतो. आजच्या मोबाइलवर सगळेच खेळ त्या एक रुपयाच्या खेळासारखे भोळे नाहीत. मंडईतला डबा रुपया घ्यायचा आणि तीन लाइफ द्यायचा, हिशेब तिथेच संपायचा. पैसे लावा आणि जास्त जिंका म्हणणाऱ्या खेळांनी कितीतरी घरं कर्जात घातली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला तो यामुळेच. घरात कुणी असा खेळ खेळत असेल तर लपवू नका, गटात बोला. खेळायला द्या, पण खेळ कोणता ते पाहून द्या.

आणि पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की एकमेकींना एक प्रश्न नक्की विचारा. लहानपणी असा कोणता खेळ होता, जो तुम्ही फक्त मागे उभं राहून पाहिला? उत्तरं आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात ती वाचून दाखवू. तुमची परवानगी असेल तर नावासकट.